बिस्किटांचा डबा आणि पितळी डबा

अक्काचा भाऊ टाय लावायचा. माझ्या सगळ्या दुखण्याची सुरुवात तिथून झाली.

अक्का म्हणजे माझी मोठी जाऊ. ती जळगावची, मी सोनगीरची, आणि दोघी नांदायला धुळ्यात, एका घरात, एका सासूपुढे, एकाच ओट्याशी. ऐंशीचं दशक सरत आलं होतं. तिचा भाऊ औषधांच्या कंपनीत होता. डॉक्टरांना भेटायचं, नव्या औषधाचं कौतुक सांगायचं, नमुन्याची पाकिटं टेबलावर ठेवून यायचं, हे त्याचं काम. महिन्यातून एकदा तो धुळ्याच्या फेरीवर यायचा आणि दुपारी आमच्याकडे जेवायचा. कुरडया तासाभरात खडखडीत वाळाव्यात अशा मे महिन्याच्या उन्हात हा बाबा गळ्याला टाय आवळून दारात उभा राहायचा. हातात चामड्याची जाडजूड बॅग. समोरच्या बायका दार किलकिलं करून बघायच्या. अक्का तर समोरचं दार किलकिलं झालंय ना, याची खात्री करूनच "ये रे दादा" म्हणायची.

माझाही भाऊ यायचा. त्याच्या खांद्यावर भरताच्या वांग्यांचं पोतं असायचं आणि पायात चिखल. त्याच्यासाठी कोणी दार किलकिलं करत नसे. वांगी भाजायला लागली, वास सुटला, की सगळी गल्ली वाट्या घेऊन हजर व्हायची, ती गोष्ट वेगळी. खायला वांगी, मान मात्र टायला.

जेवण झालं की तो बॅग उघडायचा. मी मुद्दाम खरकटी ताटं उचलायच्या निमित्ताने तिथेच घुटमळायचे. बॅगेतून कॅप्सूल निघायच्या. लाल-काळ्या, पिवळ्या-पांढऱ्या, आणि एक तर मोरपंखी, इतकी देखणी की कानात घालून मिरवावी. पाकिटावर छापलेलं असायचं, नमुना, विक्रीसाठी नाही. एका पाकिटात दोन, फार तर चार. अक्का त्या पत्र्याच्या मोठ्या बिस्किटांच्या डब्यात भरायची. झाकणावर बर्फाच्या डोंगराचं चित्र होतं. तो डबा तिने देवांच्या फळीच्या बरोबर वर ठेवला होता. आपण देवाला हात जोडले की डब्यालाही आपोआप जोडले जायचे. मी तर कितीदा डोळे मिटून तिरकी उभी राहिले आहे.

आणि मग अक्काचा दवाखाना सुरू झाला. गल्लीत कोणाला सर्दी झाली, दोन लाल-काळ्या. जुलाब झाले, दोन पिवळ्या. कोणाच्या पोराचा गुडघा फुटला, तर अक्का एक कॅप्सूल चिमटीत धरून मोडायची आणि आतली पूड जखमेवर भुरभुरायची, जशी आपण भेळेवर शेव भुरभुरतो. सांगायची काय, "जरा ताकदीचं औषध आहे हं. वर दूध घ्या." बायका मान डोलवायच्या. दुसऱ्या दिवशी बरं वाटलं की येऊन पाया पडायच्या तेवढ्या बाकी असायच्या. सर्दी तशीही उतरणारच होती, हे त्यांना माहीत नव्हतं, अक्काला माहीत नव्हतं, आणि मला माहीत असतं तर मी गल्लीच्या तोंडाशी उभं राहून ओरडून सांगितलं असतं.

मी जळत होते. खोटं कशाला बोलू? अक्काच्या हातची ज्वारी-उडदाच्या कळण्याची भाकरी माझ्यापेक्षा पातळ व्हायची, ते मी सोसलं होतं. तिला दोन मुलगे, मला एक मुलगी, तेही सोसलं. पण "अक्का म्हणजे अर्धी डॉक्टरीण" असं जेव्हा आमच्या मायने म्हटलं, तेव्हा माझ्या हातातलं दूध उतू गेलं.

माय म्हणजे आमची सासू. घरातली सगळीच तिला माय म्हणायची. बुटकी, गोरी, नऊवारी नेसणारी, आणि न्यायाच्या बाबतीत अशी काटेकोर की कोर्टातल्या माणसाने शिकायला यावं. दोन सुनांत तिने कधी तिळाचा फरक केला नाही. लुगडी-साड्या एकाच ताग्याच्या. संक्रांतीला बांगड्या सारख्याच. जेवताना पहिली भाकरी अक्काच्या तव्यावरची, दुसरी माझ्या तव्यावरची. तिसरी हवी असली तर दोघींची अर्धी-अर्धी. अर्धी भाकरी उरली तरी चालेल, पण न्याय उरता कामा नये. एवढ्या न्यायी बाईने अक्काला अर्धी डॉक्टरीण म्हणावं आणि मला काहीच म्हणू नये, हे मी कसं ऐकून घेणार?

देव धावून आला तो आमच्या ह्यांच्या दाढेच्या रूपाने. हे म्हणजे माझे यजमान. दाढेला सूज आली, डॉक्टरांनी पंधरा गोळ्या लिहून दिल्या. सहा खाल्ल्यावर सूज उतरली आणि ह्यांनी उरलेल्या नऊ खिडकीत ठेवल्या. आमच्या घरात रात्रीची भाकरी टाकत नसत. सकाळी तिचा कुस्करा करून, फोडणी देऊन खायचो. मग गोळ्या कोण टाकणार? माहेरहून आलेला एक पितळी डबा माझ्याकडे होता, सोनगीरच्या कासारांनी ठोकून केलेला, घट्ट झाकणाचा. मी त्या नऊ गोळ्या त्यात टाकल्या. छन् छन् वाजल्या. तो आवाज मला माझ्या लग्नातल्या सनईपेक्षा गोड वाटला.

मग मी जमवायला लागले. प्रत्येक घरात उरलेल्या गोळ्या होत्याच. कुणी बरं वाटलं म्हणून सोडलेल्या, कुणी कडू लागल्या म्हणून, कुणी उपास आला म्हणून. मी वाटीभर भरीत घेऊन जायचे आणि परत येताना रिकाम्या वाटीत गोळ्या असायच्या. बाजारातला एक मेडिकलवाला चिठ्ठीशिवाय सुट्या गोळ्या द्यायचा. "दोन पांढऱ्या लांबोळक्या द्या," म्हटलं की तो पट्टीतून कात्रीने दोन कापून द्यायचा, शिंप्याने चिंधी कापावी तशा. वर्षभरात माझा डबा अर्धा भरला. गल्लीचे दोन भाग झाले. विहिरीच्या अंगाची घरं अक्काची, पिठाच्या गिरणीकडची माझी.

"धाकटे, तुझ्या गोळ्यांना तर पाकीटसुद्धा नाही गं," अक्का एकदा सगळ्यांसमोर म्हणाली. "कोणाच्या तोंडातून काढून आणतेस?"

"पाकीट कुठे गिळायचंय अक्का?" मी म्हटलं. "आणि माझ्या गोळ्यांवर 'विक्रीसाठी नाही' असंही लिहिलेलं नसतं. लोकांनी पैसे मोजून घेतलेला माल आहे."

पण ही गल्लीची लढाई नुसती तोंडी लावण्यापुरती. खरी लढाई मायसाठी होती.

मायला पहिल्यांदा त्रास झाला तो एका थंडीत. लघवीला आग, कंबरेत कळ, आणि संध्याकाळी ताप. डॉक्टरांकडे जायला ती लाजायची. असल्या जागचं दुखणं परक्या माणसाला काय सांगायचं? ती दुपारी मी एकटी तांदूळ निवडत होते तेव्हा हळूच जवळ आली आणि कानाशी लागली. "धाकली, तुन्ही एक गोळी दे ना वं. अक्काले सांगू नको."

काय सांगू मला काय झालं! अक्काला सांगू नको! म्हणजे अर्ध्या डॉक्टरणीला सोडून माय माझ्याकडे आली होती. मी तांदळाचं ताट बाजूला सारलं, डबा उघडला, आणि सोनाराने हिरा दाखवावा तसं एक एक करून दाखवलं. सकाळ-संध्याकाळ, पाच दिवसांच्या दहा गोळ्या दिल्या. माय बरी झाली. मी कोणाला सांगितलं नाही, पण त्या आठवड्यात मी अक्काकडे बघून इतकं गोड हसायचे की ती दोनदा आरशात जाऊन आपलं कुंकू बघून आली.

तो त्रास पावसाळ्यात परत आला. मग दिवाळीनंतर. मग लवकर लवकर. दर वेळी माय दुपारी येऊन कानाशी लागायची, दर वेळी मी डबा उघडायचे, आणि दर वेळी बरं वाटायला आधीपेक्षा एक-दोन दिवस जास्त लागायचे. मला त्याची काळजी वाटायला हवी होती. मला अभिमान वाटत होता. माझ्याशिवाय मायचं पान हलत नव्हतं.

चौथ्या थंडीत मात्र ताप उतरेना. माय थंडीने अशी कापायची की खाट वाजायची. डोळे खोल गेले. शेवटी दोघा भावांनी तिला उचलून डॉक्टरांकडे नेलं. आम्ही दोघी मागोमाग.

डॉक्टर म्हातारे होते, हळू बोलायचे. त्यांनी मायला तपासलं आणि विचारलं, "आधी काय काय दिलंय?"

मी पदर सावरून पुढे झाले. हाच तो क्षण, म्हटलं. "मी पाच दिवस गोळ्या दिल्या, डॉक्टरसाहेब. पांढऱ्या."

"पाच दिवस?" माझ्या मागून अक्का म्हणाली. "पाच दिवस तर मी देतेय. लाल-काळ्या."

मी वळले. तिने माझ्याकडे बघितलं. तिच्या चेहऱ्यावर जे होतं ते नक्की माझ्याही चेहऱ्यावर असणार.

"मायने मला सांगितलं होतं, धाकलीला सांगू नको म्हणून," अक्का म्हणाली.

ह्यांचं बाहेर काही आहे असं कळलं असतं तरी मला एवढं लागलं नसतं. तीन वर्षं! तीन वर्षं मला वाटत होतं, मायने फक्त माझ्यावर विश्वास टाकला. आणि तिकडे ती तोच विश्वास तशाच हळू आवाजात अक्काच्या कानात टाकत होती.

"मग खाल्ल्या कोणाच्या?" डॉक्टरांनी मायलाच विचारलं.

मायने पदराची गाठ सोडली. आत गोळ्या होत्या. लाल-काळ्या, पांढऱ्या, पिवळ्या, एक मोरपंखीसुद्धा. "सकायले अक्कानी खाधी, सांजले धाकलीनी," ती म्हणाली. "बरं वाटनं की उरेल बांधी ठेवू. दोन्ही सुना मन्ह्याच शेतस. एकीनी खावानी आनि दुसरीनी नही, हाई माले जमाव नही."

भाकरीचा न्याय तिने औषधाला लावला होता. पहिली अक्काची, दुसरी माझी, आणि अर्धी-अर्धी उरलेली पदरात.

डॉक्टरांनी त्या गोळ्या टेबलावर ओळीने मांडल्या. "म्हणजे पूर्ण औषध कधीच कोणतं झालं नाही," ते म्हणाले. "गेल्या वर्षी तुमच्या ह्या थोरल्या दिरांना साध्या खोकल्याला मीही लिहून दिलं होतं. लोक मागतात, आम्ही देतो. पण आता अंदाजाने काही देणार नाही. लघवीची तपासणी करायची. जंतू वाढवून बघतात, कोणत्या औषधाने मरतात ते. जळगावला माझ्या ओळखीच्या बाई करतात. बर्फात ठेवून आजच न्यायला हवी. आणि तुमचे ते डबे, तेही न्या. त्यांना बघू देत, पोटात काय काय गेलंय."

नेणार कोण, यावरून दवाखान्याच्या पायरीवरच आमची जुंपली. अक्काचं म्हणणं, जळगाव माझं माहेर, रस्ता मला माहीत. माझं म्हणणं, थर्मास तुझा असला तरी बर्फ मी आणलाय. थर्मास खरंच तिचा होता. भावाने दिलेला, कंपनीचं नाव छापलेला. माय दवाखान्यातल्या खाटेवरून क्षीण आवाजात बोलली, "भांडू नका वं. पारोळालगून अक्का धरी, तठून धाकली."

तशा आम्ही निघालो. धुळे-जळगाव एसटी, खिडकीजवळच्या बाकावर दोन जावा, दोघींच्या पिशव्यांत एकेक डबा, आणि अक्काच्या मांडीवर थर्मासात सासूची बाटली. पारोळ्याला मी थर्मास मागून घेतला. देताना तिने तो असा दिला, जसं बाळंतिणीने आपलं पोर आत्याच्या हातात द्यावं. पुढे एरंडोलला एक म्हातारी चढली आणि आमच्यासमोर बसली. ऊन होतंच. तिने दोन-तीनदा थर्मासाकडे बघितलं, मग राहवेना.

"चहा शे का वं तेमा? घोटभर दे ना."

मी थर्मास छातीशी धरला. "नाही आजी, चहा नाही."

"मंग काय शे? दूध?"

अक्का खिडकीबाहेर बघायला लागली. तिचे खांदे हलत होते. मला वाटलं, रडतेय. मग तिच्या तोंडातून एक चमत्कारिक फुस्स आवाज आला आणि मीही सुटले. आम्ही दोघी इतक्या हसलो की कंडक्टर येऊन बघून गेला. म्हातारी रागावून दुसऱ्या बाकावर गेली. सासू तिकडे तापाने फणफणलेली आणि सुना इकडे खिदळताहेत! पण लग्नानंतर आठ वर्षांत आम्ही दोघी एकत्र हसलो त्या एकाच दिवशी, आणि माझ्या मनात लगेच आलं काय, तर आधी ती हसली, मी नंतर.

जळगावच्या स्टँडवर तिचा भाऊ घ्यायला आला होता. टाय होताच. त्या बाईंची लॅब एका जिन्यावर होती. बाई पन्नाशीच्या, पांढरा कोट, चष्मा दोरीला बांधलेला. त्यांनी बाटली आत पाठवली आणि एक पांढरा ट्रे समोर ठेवून म्हणाल्या, "ओता."

अक्काने आपला ओतला, मी माझा. काय तो नजारा! लग्नातला अहेर मांडावा तसं औषध पसरलं. बाईंनी चष्मा चढवला आणि पाकिटांवरची बारीक अक्षरं वाचत चिमट्याने ढीग करायला लागल्या. काही मुदत संपलेल्या, त्या एका बाजूला. मग त्यांनी अक्काच्या लाल-काळ्या कॅप्सूलशेजारी माझी पांढरी लांबोळकी ठेवली.

"हे एकच औषध आहे," त्या म्हणाल्या.

"कसं शक्य आहे?" अक्का आणि मी एकदमच म्हणालो. "हिची लाल-काळी आहे!"

"रंग कंपनीचा. आतला माल तोच."

तीन वर्षं आम्ही एकाच औषधाचे दोन झेंडे करून लढत होतो. मी अक्काकडे बघितलं नाही. मला भीती वाटली, ती माझ्याकडे बघत असेल.

बाईंनी मग आतून काचेची एक चपटी झाकणाची थाळी आणली, दुसऱ्याच कोणाच्या तपासणीची. तिच्यावर जंतूंचा धुरकट थर होता आणि त्यावर टिकल्यांएवढ्या गोल कागदी चकत्या ठेवलेल्या. प्रत्येक चकतीत एकेक औषध. काही चकत्यांभोवती स्वच्छ गोल रिंगण पडलं होतं. तिथले जंतू मेले होते. काही चकत्यांना मात्र जंतू अगदी टेकून बसले होते, जशी म्हैस उन्हात भिंतीला टेकते.

"बरं वाटलं म्हणजे सगळे मेले असं नसतं," बाई म्हणाल्या. "चिवट असतात ते मागे राहतात. तुम्ही औषध अर्ध्यात सोडलंत की तेच वाढतात. पुढच्या वेळी पुन्हा तेच औषध, पुन्हा अर्धं. असं करत करत ते औषधाला दाद देईनासे होतात. तुम्ही डब्यात गोळ्या जमवल्यात आणि सासूबाईंच्या अंगात ते." मग त्यांनी अक्काच्या भावाकडे बघितलं. "आणि सर्दीलाही चालतं म्हणून सांगायला तुम्ही फिरताच आहात."

त्याने टायची गाठ सैल केली.

रिपोर्ट तिसऱ्या दिवशी तोच घेऊन आला. टाय नव्हता. मी त्याला पहिल्यांदाच उघड्या गळ्याने बघितलं आणि खरं सांगते, क्षणभर मला आनंद झाला. मग त्याने कागद डॉक्टरांपुढे ठेवला. औषधांची नावं एकाखाली एक आणि बहुतेक सगळ्यांपुढे इंग्रजी आर. आर म्हणजे जंतू या औषधाला जुमानत नाहीत. लाल-काळीपुढे आर. पिवळीपुढे आर. मोरपंखी, जिच्यासाठी मी तीन वर्षं झुरले, तिच्यापुढेही आर. आत पडदा लावलेल्या खोलीत मायची खाट वाजत होती. माझा आनंद जिथे आला होता तिथेच मेला.

"एक इंजेक्शन उरलंय," डॉक्टर म्हणाले. "दहा दिवस द्यावं लागेल, आणि या वेळी एकही दिवस चुकवायचा नाही. मूत्रपिंडाला जड जातं, कानालाही जातं. या वयात काय होईल, मी शब्द देत नाही. पण न दिलं तर काय होईल ते सांगू शकतो."

दोघा भावांनी एकमेकांकडे बघून हो म्हटलं. दहा दिवस एक रात्र अक्का, एक रात्र मी. पाचव्या दिवशी मायचा ताप गेला. सहाव्या दिवशी तिने पेज मागितली, आणि अक्काने आणलेली अर्धी, मी आणलेली अर्धी घेतली. मी पदराने डोळे पुसले. ही बाई मरणार नव्हती. जिचा न्याय शाबूत आहे ती मरत नाही.

घरी आणल्यावर दुसऱ्या दिवशी मी दुपारी रेडिओ लावला. माय रोज ऐकायची ती भजनं चालली होती. ती खाटेवर बसून माझ्या हाताकडे बघत होती.

"रेडिओ कोनी बंद करा वं?" ती म्हणाली.

रेडिओवर टाळ वाजत होते. मी आवाज वाढवला. माय बघत राहिली. अक्का ओट्यापासून बाहेर आली, ओले हात तसेच.

"माय, चालू आहे," मी म्हटलं.

"काय सांगी राह्यनी? जोरमा बोल."

"माय! रेडिओ चालू आहे!" अक्का म्हणाली, आणि माय तिच्याकडे वळली. "चालू शे? मंग माले कसं ऐकू येस नही?"

डॉक्टरांनी नंतर सांगितलं, या औषधाने गेलेलं परत येत नाही, आणि बारीक आवाज आधी जातात. माझा आवाज बारीक. अक्काचा घोगरा, जाड, पखवाजासारखा. लोक आयुष्यभर माझा आवाज गोड म्हणत आले होते. आता मायला अक्का ऐकू यायची, मी नाही.

म्हणजे बघा. आम्ही दोघींनी मिळून तिला तिथवर नेलं, सारखंच औषध दिलं, सारखीच चूक केली, न्यायाने सारखीच. आणि शिक्षेत मात्र फरक! मी मोरीत कपडे धुताना जाड आवाज काढून बघायचे. माझी मुलगी विचारायची, "आई, घसा बसला का? गोळी घे." मी तिला सांगितलं, या घरात आता डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय गोळी मिळणार नाही, आणि मिळाली की शेवटची खाल्ल्याशिवाय उठायचं नाही. दोन्ही डब्यांतल्या गोळ्या अक्काच्या भावाने नेल्या. बिस्किटांच्या डब्यात शेव आली, पितळीत गूळ. गल्लीतल्या बायका वाट्या घेऊन यायच्या तेव्हा आम्ही दोघी एकाच तोंडाने सांगायचो, डॉक्टरकडे जा. त्यांना वाटलं, जावा शिष्ट झाल्या.

मायने लौकरच या अन्यायाचा बंदोबस्त केला. एके सकाळी तिने आम्हा दोघींना समोर बसवलं. डावा कान अक्काचा, तिने सांगितलं, उजवा धाकलीचा. कोणी कोणाच्या कानात बोलायचं नाही. मी काही बोलायला गेले की ती डोकं वळवून उजवा कान पुढे करायची. मी तोंड अगदी लावून बोलायचे.

उजव्या कानाने तिला खरंच ऐकू यायचं का, हे मला कधी कळलं नाही. मी एकदा परीक्षा घेतली. कानाशी लागून, अगदी तीन वर्षं ती माझ्या कानाशी लागायची तशी, हळूच म्हटलं, "माय, आज अक्काची भाजी खारट झालीय." तिने गंभीरपणे मान हलवली आणि माझा हात थोपटला. मला वाटलं, कळलं. संध्याकाळी अक्काने कबूल केलं, तिनेही सकाळी डाव्या कानात सांगितलं होतं, धाकलीचं वरण बेचव आहे. माय तशीच मान हलवून गेली होती, हात थोपटून.

दोघींना एकच उत्तर. पुढे सात वर्षं, ती गेली तोपर्यंत, दोघींना एकच उत्तर.

फक्त अक्काला देताना ती हसायची. मी दाराआडून बघितलंय.